‘मॅडम, जमेल ना मला?’ : नवा फिजिओ तयार आहे म्हणजे नेमकं काय

सकाळी सव्वानऊला फोन आला. ‘मॅडम, जमेल ना मला?’

विचारणारी मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी. चौथ्या वर्षाला चांगले मार्क, इंटर्नशिप पूर्ण, कौन्सिलची नोंदणी हातात. त्या दिवशी तिची एकटीने करायची पहिली होम व्हिजिट होती. डोंबिवलीतली जुनी इमारत, लिफ्ट नाही, तिसरा मजला. अडुसष्ट वर्षांच्या आजी, उजवा गुडघा बदलून नऊ दिवस झालेले. कागदावर याहून सरळ केस मिळायची नाही. गुडघा बदलल्यानंतरचे व्यायाम आमची पोरं झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतात. तरीही तिचा आवाज कापत होता.

व्यवसायात उतरताना फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांना आपण किती तयार आहोत असं वाटतं, यावर अनेक देशांत अभ्यास होतात. बहुतेक वेळा पद्धत साधी असते. एक प्रश्नावली द्यायची आणि एक ते पाचमध्ये खूण करायला सांगायची. आता या मुलीने कितीवर खूण केली असती? मला वाटतं, परीक्षेच्या आदल्या दिवशी चार, निकालाच्या दिवशी पाच आणि त्या सकाळी दोन. बाई तीच, डोकं तेच, हात तेच. मग बदललं काय?

बदललं हे, की ‘तयार’ या एका शब्दात आपण तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो. माहिती आहे का, हात चालतो का, आणि हात चालेल असा आपला आपल्याला भरवसा आहे का. या तिन्ही एकदम वाढत नाहीत. कधी कधी तर एक वाढली की दुसरी खाली येते.

जॉर्ज मिलर नावाच्या अमेरिकन वैद्यकीय शिक्षकाने १९९० मध्ये यासाठी एक चार पायऱ्यांचा पिरॅमिड मांडला. सगळ्यात खाली ‘माहीत आहे’. त्यावर ‘कसं करायचं ते माहीत आहे’. त्यावर ‘करून दाखवतो’. आणि टोकाला ‘खरोखर करतो’. लेखी पेपर पहिल्या दोन पायऱ्या तपासतो. तिसरीसाठी प्रॅक्टिकल, व्हायवा आणि ऑस्की असते. ऑस्की म्हणजे टेबलांची रांग लावून प्रत्येक टेबलावर ठरलेल्या मिनिटांत ठरलेलं काम करायला लावणारी परीक्षा. रोनाल्ड हार्डन आणि सहकाऱ्यांनी ती १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी इथून मांडली. चौथी पायरी मात्र कुठल्याच परीक्षा हॉलमध्ये बसत नाही. ती डोंबिवलीच्या तिसऱ्या मजल्यावर असते.

तिसरी आणि चौथी पायरी यांच्यातली दरी आमच्या धंद्यात किती रुंद आहे, ते बाहेरच्याला चटकन कळत नाही. एक उदाहरण देते. स्नायूची ताकद मोजायला आम्ही हाताने तपासतो आणि शून्य ते पाच अशी ग्रेड देतो. शून्य म्हणजे स्नायूत काहीच हालचाल नाही, तीन म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध हातपाय उचलता येतो, पाच म्हणजे नॉर्मल. विद्यार्थी हे शिकतात कुणावर? शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीवर. आणि वीस वर्षांच्या धडधाकट मैत्रिणीचे झाडून सगळे स्नायू पाच ग्रेडचे असतात! म्हणजे दोन-दोन वर्षं तुम्ही जी मोजपट्टी वापरायला शिकता, तिच्या फक्त एका टोकावर तुमचं बोट फिरलेलं असतं. दोन ग्रेडचा पाय हाताला कसा लागतो हे पुस्तकात लिहिलेलं असतं, पण हाताला वाचता येत नाही.

खांद्याचंही तसंच. सांधा त्याच्या शेवटच्या टोकापर्यंत नेला की हाताला एक विशिष्ट अडथळा जाणवतो, त्याला आम्ही एंड फील म्हणतो. मैत्रिणीचा खांदा नेला की शेवटी रबर ताणल्यासारखं लागतं. फ्रोझन शोल्डरचा, म्हणजे आखडलेला, खांदा अर्ध्या वाटेत भिंतीसारखा थांबतो आणि पेशंट ‘आई गं’ म्हणून ओरडतो. हे पहिल्यांदा होतं तेव्हा विद्यार्थी हात काढून घेतो. दहाव्या वेळी तो थांबतो, पेशंटच्या चेहऱ्याकडे बघतो आणि थोडं मागे येऊन पुन्हा सुरू करतो. या दहा वेळांच्या मधे जे घडतं, ते म्हणजे तयारी. त्याला शॉर्टकट मला तरी सापडलेला नाही. कोविडच्या काळात ज्या बॅचेस मोबाइलच्या पडद्यावर मॅन्युअल टेक्निक, म्हणजे हाताने द्यायचे उपचार, शिकल्या, त्यांचे हात पुढे वॉर्डात गार पडायचे ते याचमुळे. त्यात त्यांचा काहीच दोष नव्हता. त्याच सुमारास इंटर्नशिपला असलेली काही मुलं मात्र कोविड वॉर्डात रोज पेशंटला पालथं झोपवत होती, श्वासाचे व्यायाम घेत होती. चेस्ट फिजिओला एरवी सगळी मुलं टरकतात, ही मुलं नाही टरकत.

आता भरवशाकडे येऊ. अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये सेल्फ-एफिकसी ही कल्पना मांडली. मराठीत सांगायचं तर, ‘हे एक विशिष्ट काम मला जमेल’ हा भरवसा. ‘विशिष्ट’ हा शब्द इथे महत्त्वाचा. माणूस एकंदरीत आत्मविश्वासू आहे की नाही याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही. गॅदरिंगला स्टेज गाजवणारा मुलगा आयसीयूत नळ्या लावलेल्या पेशंटला बसतं करताना घामाघूम होतो, आणि वर्गात तोंड न उघडणारी मुलगी सेरेब्रल पाल्सीच्या बाळाला मांडीवर घेऊन तासभर आरामात काम करते. त्यामुळे ‘तुम्ही किती तयार आहात’ असं मोघम विचारलं की उत्तरही मोघमच येतं. पाठदुखीच्या पेशंटला किती, लकव्याच्या पेशंटला किती, व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला किती, असं सुटं सुटं विचारावं लागतं. माझ्या पाहण्यात तरी बहुतेक मुलं हाडं-सांध्यांच्या केसेसना बिनधास्त असतात. न्यूरोला थोडी कचरतात, आयसीयू आणि लहान मुलं म्हटलं की मागे सरकतात. कारण सरळ आहे. ओपीडीत गुडघे, कंबर आणि मान यांची रांगच असते.

हा भरवसा येतो कुठून? बंडुराच्या मते चार वाटांनी. सगळ्यात पक्की वाट म्हणजे स्वतः करून यशस्वी होणं. दुसरी, आपल्यासारख्या कुणाला तरी ते करताना पाहणं. तिसरी, ज्याच्या शब्दाला वजन आहे अशा माणसाने ‘तुला जमतंय’ म्हणणं. चौथी वाट शरीराची. छातीत धडधड झाली की मन त्याचा अर्थ लावतं, ‘म्हणजे मला जमणार नाही.’

यातली दुसरी वाट आपण कॉलेजात हमखास चुकवतो. मुलांना वीस वर्षांच्या अनुभवाच्या सरांचं काम दाखवतो. ते बघून मुलं थक्क होतात आणि मनात म्हणतात, हे काही आपलं काम नाही. बंडुराचा मुद्दा होता की पाहिलेला माणूस आपल्याइतकाच असायला हवा. एक वर्ष पुढे असलेली ताई चुकत-माकत लकव्याच्या पेशंटला पलंगावरून खुर्चीत घेते, मधेच थांबते, पट्टा पुन्हा बांधते, आणि शेवटी जमवते. ते बघून धाकट्याला वाटतं, अरे, हे तर मलाही येईल. सिनियरच्या मागे फिरण्याला आपल्याकडे वेळकाढूपणा समजतात. मला ते पोस्टिंगमधलं सगळ्यात मोलाचं शिक्षण वाटतं.

आणि पहिली वाट? ती इंटर्नशिपमध्ये मिळायला हवी. मिळतेच असं नाही. काही ठिकाणी इंटर्न म्हणजे मशीन लावणारा हात. सकाळपासून आयएफटी म्हणजे दुखऱ्या भागाला सौम्य वीजप्रवाह देणारं मशीन, उपचाराचं अल्ट्रासाउंड, गरम मेणाचा वॅक्स, पुन्हा आयएफटी. तपासणी दुसऱ्याने केलेली, निदान दुसऱ्याचं, उपचार काय द्यायचे तेही कागदावर लिहून आलेलं. असे सहा महिने काढलेल्या मुलाने शेकडो पेशंट पाहिलेले असतात, पण एकाही पेशंटबद्दल स्वतः निर्णय घेतलेला नसतो. त्याला विचाराल तर तो म्हणेल, भरपूर अनुभव आहे. आणि पहिल्याच आठवड्यात कोसळेल.

इथे एक गंमत, खरं तर गंमत नाही, धोका आहे. आपण किती तयार आहोत हे माणसाला स्वतःला नीट कळत नाही. डेव्हिड डनिंग आणि जस्टिन क्रुगर यांनी १९९९ मध्ये विनोद, तर्क आणि व्याकरण यांच्या चाचण्या घेतल्या होत्या. त्यात प्रत्यक्षात शंभरात खालून बाराव्या स्थानाच्या आसपास असलेल्या गटाला आपण खालून बासष्टाव्या स्थानावर आहोत असं वाटत होतं. वरचा गट उलट स्वतःला थोडा कमीच लेखत होता. हे विद्यार्थ्यांचे प्रयोग होते म्हणून सोडून द्याल, तर डॉक्टरांचं ऐका. २००६ मध्ये डॉक्टरांच्या स्व-मूल्यमापनावरच्या अभ्यासांचा एक आढावा प्रसिद्ध झाला. डॉक्टरांनी स्वतःला दिलेले गुण आणि बाहेरच्याने तपासून दिलेले गुण यांची वीस ठिकाणी तुलना केली, तर तेरा ठिकाणी दोन्हींत फारसा मेळ नव्हता, किंवा उलटाच संबंध होता.

याचा अर्थ ‘मला तयार वाटत नाही’ म्हणणारा विद्यार्थी खरंच कच्चा आहे असं धरून चालू नये, आणि ‘मला सगळं येतं’ म्हणणाऱ्याला तर आधी जाऊन बघून यावं. मी इंटर्नना पाचपैकी किती असं विचारत नाही. मी विचारते, ‘या पेशंटमध्ये तुला भीती कशाची वाटते?’ ज्याला नेमकं उत्तर देता येतं तो बराच तयार असतो. ‘कशाचीच नाही’ म्हटलं की मी त्याच्यासोबत जाते.

मग सहा महिने पुरतात का? नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपीचा पदवी अभ्यासक्रम, वर्षानुवर्षं साडेचार वर्षांचा राहिला आहे, चार वर्षं शिक्षण आणि सहा महिने इंटर्नशिप. फिजिओथेरपीसारख्या आरोग्य व्यवसायांसाठी असलेल्या केंद्राच्या आयोगाने २०२५ मध्ये जाहीर केलेल्या नव्या अभ्यासक्रमात पदवी पाच वर्षांची आहे आणि त्यातलं अख्खं एक वर्ष इंटर्नशिपचं. दुप्पट वेळ, चांगली गोष्ट आहे. पण मशीन लावण्याचे सहा महिने बारा झाले तर त्यातून मशीनच चांगलं लागेल.

दुसऱ्या बाजूला कायदा बघा. हा आयोग ज्या २०२१ च्या कायद्याने आला, त्या कायद्यात फिजिओथेरपिस्टच्या वर्णनातच लिहिलंय की पदवीधर फिजिओथेरपिस्ट स्वतंत्रपणे किंवा टीमसोबत काम करू शकतो. म्हणजे इंटर्नशिप संपवून नोंदणी झाली की कायद्याच्या लेखी माझी विद्यार्थिनी आणि मी सारख्याच. तिच्या डोक्यावर कुणी असलंच पाहिजे असं बंधन नाही.

इंग्लंडमधला प्रवास याहून वेगळा असतो. तिथे विद्यार्थ्याला शिक्षणातच प्रत्यक्ष कामाचे सुमारे हजार तास भरावे लागतात. पास झाल्यावर सरकारी आरोग्य सेवेत लागणारा नवा फिजिओ सहसा बँड फाइव्ह या पायरीवर सुरुवात करतो आणि काही महिने हाडांच्या विभागात, काही महिने न्यूरोत, काही महिने श्वसनविकारांच्या वॉर्डात असा फिरतो. प्रत्येक ठिकाणी वर सिनियर असतो. आपल्याकडून तिकडे गेलेली मुलं सांगतात, पहिल्या वर्षी प्रश्न विचारला तर कुणी हसत नाही, उलट विचारला नाही तर चौकशी होते. तिथे तयारी पदवीच्या दिवशी पूर्ण झालेली असावी अशी अपेक्षाच नसते. आपल्याकडे ती असते, आणि गाठीला असतो फक्त जुन्या मॅडमचा मोबाइल नंबर.

याचं मूळ थोडं मागे आहे असं मला वाटतं. भारतात फिजिओथेरपीचं औपचारिक शिक्षण १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झालं, पोलिओने अधू झालेल्या मुलांसाठी. शिक्षणाचा साचा तेव्हापासून रुग्णालयाचा. मोठी खोली, पॅरलल बार, पलंगांची रांग, हाकेच्या अंतरावर डॉक्टर. आजच्या नव्या मुलांचं काम मात्र बऱ्याच वेळा लोकांच्या घरात असतं. शिकलो तळ्यात, पोहायचं समुद्रात, असा हा प्रकार आहे.

तर त्या आजींच्या घरात काय काय होतं ते ऐका. मुलीने रात्री जागून तयारी केली होती. मांडीचे स्नायू आवळण्याचे व्यायाम, टाच सरकवणं, पाय सरळ ठेवून उचलणं, वॉकर, गुडघ्याचे अंश मोजायला बॅगेत गोनिओमीटर. खुर्चीतून सहज उठायला गुडघा ९० अंशांच्या आसपास वाकायला हवा, जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. हे सगळं पाठ.

आजींनी दार उघडल्या उघडल्या विचारलं, ‘तू किती वर्षांची गं?’ आतून मुलगा म्हणाला, ‘शेजारच्यांकडे येतात त्या मशीन आणतात. तुम्ही नाही आणलं?’ बसायला दिलेला दिवाण गुडघ्याखाली जाणारा, जमिनीलगत. संडास भारतीय पद्धतीचा आणि त्यावर ठेवायची कमोडची खुर्ची अजून कुणी आणलेली नाही, नऊ दिवस आजी कसंबसं काठावर टेकून निभावतायत. सून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हळूच विचारते, ‘ताई, किती दिवस यावं लागेल? म्हणजे, एका वेळेचे किती?’

यातल्या एकाही प्रश्नाचा पेपर नसतो. फीचं तर विचारूच नका. चार वर्षांत नसांची नावं तोंडपाठ होतात, पण स्वतःच्या कामाचे पैसे ताठ मानेने सांगायला कुणी शिकवत नाही. कित्येक मुलं ‘तुम्हाला जमेल ते द्या’ म्हणून मोकळी होतात आणि मग महिनाअखेर घरी येऊन रडतात. मशीनच्या प्रश्नावर भांडावं, की समजावावं, की गुपचूप टेन्स, म्हणजे वेदना कमी करायचं विजेचं छोटं मशीन, लावून द्यावं? वयाच्या प्रश्नाला हसून ‘चोवीस’ म्हणावं, की ओढणी सारखी करून ‘पुरेशी’ म्हणावं? मिलरच्या पिरॅमिडचं टोक म्हणतात ते हे, आणि तिथे शरीरशास्त्राइतकंच माणसांचं शास्त्र लागतं. कम्युनिटी फिजिओथेरपी हा विषय चौथ्या वर्षाला आहे. पण त्यातल्या शिबिरांना बस करून सगळा वर्ग जातो. एकट्याने कुणाच्या दिवाणावर बसण्याशी त्याचा फार संबंध नाही.

दुसरा फोन पावणेअकराला आला. आवाज आता कापत नव्हता, फक्त भरभर येत होता.

‘मॅडम, आजींची उजवी पोटरी सुजलीये. मी दोन्ही मोजल्या. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून दहा सेंटिमीटर खाली. साडेतीन सेंटिमीटरचा फरक आहे. दाबल्यावर दुखतंय, थोडं गरमही लागतंय. ऑपरेशननंतर सूज असते हे माहितीये मला, पण त्या म्हणतायत परवापर्यंत इतकी नव्हती. काका म्हणत होते, तेल लावून चोळून द्या, मी नाही म्हटलं. व्यायाम थांबवलेत. सर्जनना फोन केला, त्यांनी लगेच डॉपलर करायला बोलावलंय. गाडीची सोय होतेय.’

गुडघा किंवा खुबा बदलल्यावर पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते, आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. डॉपलर म्हणजे शिरेतला रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी. अशी पोटरी चोळायची नसते. गुठळी आहे की नाही हे ठरवणं त्या घडीला तिचं काम नव्हतंच. शंका येणं, ती मोजून दाखवणं, घरातल्या मोठ्या माणसाला ‘नाही’ म्हणणं आणि योग्य माणसाला फोन करणं, एवढंच तिचं काम होतं. सकाळी ज्या व्यायामांची तिला काळजी होती, त्यातला एकही तिने घेतला नव्हता. आणि तिच्या सकाळच्या भीतीच्या यादीत पोटरी नव्हतीच.

मी विचारलं, श्वासाला त्रास? छातीत दुखणं? ‘विचारलं. नाही म्हणतायत.’ जिन्यावरून कसं उतरवणार? ‘पायी नाही उतरवत. खुर्चीत बसवून दोघं जण उचलणार आहेत.’ बरं.

मग जरा वेळ गेला. मागे सुनेची कपाट उघडण्याची, रिपोर्टची पिशवी शोधण्याची गडबड ऐकू येत होती. मुलगी फोनमध्ये जवळजवळ कुजबुजली.

‘मॅडम, एक विचारू? आजची फी घ्यायची का? म्हणजे, ट्रीटमेंट तर मी काहीच नाही दिली.’

‘पूर्ण घे,’ मी म्हटलं.